दोन लाखांचं काम: पाड्यावरच्या पाण्यासाठी छोटं अनुदान कसं मागावं आणि कसं वापरावं

छोट्या अनुदानाच्या कामाची सुरुवात अर्जापासून करू नका. मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात सकाळी लवकर २० लिटरची बादली आणि सेकंदकाटा असलेलं घड्याळ घेऊन झऱ्यावर जा. त्या सकाळी जो आकडा निघेल त्यावर पुढचा ठराव, अंदाजपत्रक, अर्ज आणि टाकीचा आकार ठरतो. आकडा नसेल तर अर्जात नुसती विशेषणं उरतात. 'तीव्र पाणीटंचाई', 'महिलांची वणवण' हे निधी देणारा रोज वाचत असतो.

या लेखात एकच उदाहरण शेवटपर्यंत नेलं आहे: नाशिक जिल्ह्याच्या पश्चिम पट्ट्यातला ४५ घरांचा पाडा, वरच्या डोंगरातला बारमाही झरा आणि उताराने पाणी खाली आणणारी साधी योजना. पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर, इगतपुरी या भागात पावसाळ्यात पाणी धो धो कोसळतं, बरंचसं दमणगंगा-नार-पारच्या वाटेने पश्चिमेला निघून जातं आणि मार्च उजाडला की बायका झिऱ्यातून वाटीने पाणी भरतात. येवला, नांदगाव, सिन्नरच्या पूर्वेला झरे नाहीत. तिथे बंधाऱ्याची दुरुस्ती, गाळ काढणं किंवा विहीर पुनर्भरण अशी कामं निघतात. कागदपत्रांची आणि हिशेबाची वाट मात्र हीच.

आधी मोजमाप

झऱ्याचं पाणी चार ठिकाणी पसरून वाहत असेल तर चिकणमातीचा छोटा बांध घालून ते एका पाइपच्या तुकड्यात आणा. बादली भरायला किती सेकंद लागतात ते पाच वेळा मोजा आणि सरासरी काढा. एप्रिलअखेर एकदा आणि मेच्या मध्यात एकदा, असं दोनदा हे करायचं. नोंदीत तारीख, वेळ आणि हजर असलेल्या दोघांच्या सह्या असाव्यात. ऑगस्टमध्ये मोजलेला झरा हा पावसाचा आकडा असतो. त्यावर बांधलेली टाकी मार्चमध्ये कोरडी पडते.

समजा २० लिटरची बादली १०० सेकंदांत भरली. म्हणजे सेकंदाला ०.२ लिटर, तासाला ७२० लिटर, दिवसाला १७,२८० लिटर. ४५ घरं, घरटी पाच माणसं धरली तर २२५ माणसं. जलजीवन मिशनचा माणशी रोज ५५ लिटरचा निकष लावला तर गरज १२,३७५ लिटर. उरलेलं जवळपास ४,९०० लिटर तसंच ओढ्याला जाऊ द्या. गुरं, खालचा पाडा आणि रानातली जनावरं त्यावरच जगतात. झरा पूर्ण बांधून घेतला की पहिलं भांडण खालच्या पाड्याशी होतं आणि ते बरोबर असतं.

टाकीचा आकारही याच आकड्यावरून निघतो. रात्री नऊ ते सकाळी सात असे दहा तास पाणी कोणी भरत नाही. तेवढ्यात ७,२०० लिटर जमतं. पाच हजार लिटरच्या दोन टाक्या पुरतात. वीस हजार लिटरची सिमेंटची टाकी दिसायला भारी वाटते, पण ती कधी पूर्ण भरणार नाही आणि तिच्या स्लॅबवर निम्मं अनुदान संपेल.

उतार मोजायला मोबाइलमधली उंची वापरू नका. तिच्यात दहा-वीस मीटरची चूक सहज येते. गवंड्याची पाण्याची लेव्हल ट्यूब घेऊन टप्प्याटप्प्याने खाली या. एक दिवस जातो, पण आकडा पक्का मिळतो. आपल्या उदाहरणात झरा ते टाकी ६०० मीटर अंतर आणि २५ मीटर उतार आहे. एवढ्या प्रवाहाला ३२ मिलिमीटरचा काळा एचडीपीई पाइप घातला तर घर्षणात पाचेक मीटर उंची खर्ची पडते. बाकी भरपूर उरते.

पैसा कुठे असतो

इथे गल्लत होते ती 'निधी' या एका शब्दामुळे. आमदार निधी, खासदार निधी, पंचवीस-पंधरा (ग्रामविकास खात्याचं २५१५ हे लेखाशीर्ष), आदिवासी वस्त्यांसाठीची ठक्कर बाप्पा योजना यांतून गावाला काम मिळतं, हातात पैसे मिळत नाहीत. मंजुरी, निविदा, ठेकेदार सगळं शासनाच्या यंत्रणेचं. गावाने स्वतः आखायचं, स्वतः करायचं आणि स्वतः हिशेब द्यायचा अशा अनुदानाचे दरवाजे वेगळे आहेत.

पहिला दरवाजा ग्रामपंचायतीतच आहे. पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीत ६० टक्के रक्कम बंधित होती, तीही पिण्याचं पाणी आणि स्वच्छता यांनाच. आयोग बदलला की टक्के बदलतात, म्हणून चालू वर्षाचं पत्रक भाऊसाहेबांकडून मागून स्वतः वाचा. कागदोपत्री आता 'ग्रामपंचायत अधिकारी' झाले असले तरी गावाच्या तोंडी ते ग्रामसेवक आणि हाक मारताना भाऊसाहेबच. अट एकच: काम 'आमचा गाव, आमचा विकास' आराखड्यात असलं पाहिजे. आराखड्यात नसेल तर पैसा असूनही खर्च होत नाही. पुढच्या वर्षाच्या आराखड्याची चर्चा २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेपासून जोर धरते, त्यामुळे मेमध्ये घेतलेलं मोजमाप ऑक्टोबरमध्ये हातात असणं हा योगायोग नसावा.

दुसरा दरवाजा फक्त पेसा गावांना, म्हणजे आदिवासी (अनुसूचित) क्षेत्रातल्या ग्रामसभांना जादा अधिकार देणारा पेसा कायदा जिथे लागू आहे तिथे. आदिवासी उपयोजनेच्या निधीतला ५ टक्के अबंध निधी पेसा क्षेत्रातल्या ग्रामपंचायतींना थेट मिळतो आणि तो कशावर खर्चायचा हे ग्रामसभा ठरवते. पाड्याच्या पाण्याला याहून जवळचा पैसा नाही. तरीही तो बऱ्याचदा गावठाणातल्या पेव्हर ब्लॉकवर जातो, कारण पाड्यावरची माणसं ग्रामसभेला आलेलीच नसतात. एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयांकडेही, म्हणजे पेठ-त्र्यंबकच्या बाजूला नाशिक आणि सुरगाण्याच्या बाजूला कळवण, न्यूक्लियस बजेटमधून, म्हणजे स्थानिक गरजांसाठी प्रकल्प कार्यालयाच्या हातात ठेवलेल्या निधीतून, छोट्या योजना होतात. तिथे अर्ज मागवण्याची मुदत असते. ती जाहिरात तालुक्याला फिरत राहणाऱ्यालाच दिसते.

तिसरा दरवाजा कारखान्यांचा. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ प्रमाणे ५ कोटी किंवा जास्त निव्वळ नफा असलेल्या कंपनीला (नक्त मूल्य आणि उलाढाल असे आणखी दोन निकष आहेत) मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के सामाजिक कामावर (सीएसआर) खर्चावे लागतात. सगळे मोठ्या नावांच्या मागे धावतात, पण सातपूर, अंबड, गोंदे, सिन्नरच्या वसाहतींत मध्यम कारखानेही आहेत. सरासरी ५ कोटी नफ्याच्या कंपनीकडे वर्षाला १० लाखच असतात. तिला दोन लाखांचं, जाऊन बघता येईल असं नेटकं काम हवंच असतं. ही रक्कम ५० लाखांच्या आत असेल तर वेगळी सीएसआर समिती नेमण्याची सक्ती नाही, संचालक मंडळच निर्णय घेतं. म्हणजे मुंबईच्या मुख्यालयाला ईमेल पाठवून वाट बघण्यापेक्षा वसाहतीतल्या मालकाला किंवा एचआर मॅनेजरला भेटणं जास्त फळतं. वर्ष ३१ मार्चला संपतं, म्हणून डिसेंबर-जानेवारीत तयार फाइल घेऊन जा. १५ मार्चला गेलात तर सगळे 'पुढच्या वर्षी बघू' म्हणतात, आणि एखादा तयार झालाच तर पंधरा दिवसांत काम संपवून द्या म्हणतो. ते दुसरं जास्त धोक्याचं.

रोटरीचं गणित वेगळं आहे. नाशिकचे क्लब डिस्ट्रिक्ट ३०३० मध्ये येतात. त्यांच्या ग्लोबल ग्रँटला प्रकल्प किमान ३० हजार डॉलरचा लागतो, तेव्हा ती आपल्या उपयोगाची नाही. डिस्ट्रिक्ट ग्रँट मागा. अर्ज क्लब करतो, तुम्ही त्यांना आकडे आणि फोटो पुरवता.

परदेशी पैशाबाबत एकच सांगणं: विदेशी अभिदाय कायद्याखाली नोंदणी नसेल तर रुपयाही घेऊ नका, आणि नोंदणी असलेल्या दुसऱ्या संस्थेच्या खात्यातून 'वळवून' घेऊ म्हणणाऱ्याचं ऐकू नका. २०२० च्या दुरुस्तीनंतर असा पैसा एका संस्थेने दुसरीला देणं बंद झालं आहे. ती संस्था स्वतः काम करू शकते, वाटप करू शकत नाही.

अर्जदार कोण

पाड्याची पाणी समिती कितीही चांगली असली तरी तिला पॅन नाही आणि नोंदणी नाही. तिच्या नावावर अनुदान येत नाही. अर्जदार ग्रामपंचायत असू शकते, महिलांचा नोंदणीकृत ग्रामसंघ असू शकतो किंवा नोंदणीकृत संस्था असू शकते. सीएसआरचा पैसा संस्थेमार्फत यायचा तर त्या संस्थेकडे १२-ए आणि ८०-जी या आयकराच्या नोंदण्या, कंपनी व्यवहार मंत्रालयाकडचा सीएसआर-१ क्रमांक आणि तीन वर्षांच्या कामाचा अनुभव लागतो. हे काहीच नसेल तर कंपनीला सुचवा की तिने स्वतःच पाइप आणि टाकीच्या दुकानदाराला थेट पैसे द्यावेत. कायद्यात कंपनीला स्वतः काम करायला मुभा आहे, आणि पाड्याच्या डोक्यावरचा हिशेबही हलका होतो.

एका कामासाठी नवी संस्था काढायचा मोह टाळा. सात सदस्य जमवून १८६० च्या कायद्याखाली नोंदणी होते, पण नंतर धर्मादाय कार्यालयाकडे दरवर्षीचं ऑडिट, विश्वस्त बदलला की ९० दिवसांत बदल अर्ज, आयकर विवरण हे सगळं पाठीमागे लागतं. तीन वर्षांनी बदल अर्ज राहून गेलेला असतो, अध्यक्ष पुण्याला गेलेला असतो आणि बँक सही मान्य करत नाही. त्यापेक्षा तालुक्यात काम करणाऱ्या जुन्या संस्थेशी लेखी करार करा. व्यवस्थापनाचे किती टक्के ती घेणार, खरेदी कोण ठरवणार, पाइप आणि टाक्या शेवटी कोणाच्या मालकीच्या, हे तीन मुद्दे करारात नसतील तर तो करार नव्हे.

ठराव

ग्रामपंचायतीच्या ग्रामसभेला एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० यांपैकी जी संख्या कमी असेल तेवढी गणपूर्ती लागते. पेसा गावात २०१४ चे महाराष्ट्राचे पेसा नियम पाहा. आधी महिलांची सभा घ्या. पाणी भरणाऱ्या बायका नळकोंडाळं कुठे हवं ते नेमकं सांगतात, आणि पुरुषांच्या सभेत ते मंदिरासमोर ठरलेलं असतं.

ठराव मोघम असेल तर निधी देणारा परत पाठवतो. असा लिहून घ्या:

'विषय क्र. ५. ठराव: पाड्याच्या उत्तरेकडील झऱ्यावरून गुरुत्वाने पाणी आणण्याच्या योजनेस ही सभा मान्यता देते. मे महिन्यात झऱ्याचा प्रवाह सेकंदाला ०.२ लिटर मोजण्यात आला, नोंद सोबत जोडली आहे. चर खोदाई श्रमदानाने होईल. प्रत्येक घर ३०० रुपये लोकवर्गणी आणि योजना सुरू झाल्यावर दरमहा ३० रुपये पाणीपट्टी देईल. उरलेलं पाणी ओढ्यात सोडले जाईल. देखभालीची जबाबदारी सात जणांच्या पाणी समितीची राहील, त्यात चार महिला असतील. सूचक … अनुमोदक … ठराव सर्वानुमते मंजूर.'

ठरावाची नक्कल त्याच आठवड्यात घ्या. इतिवृत्त 'नंतर लिहू' म्हणून राहिलं की श्रमदानाचं वाक्य गळतं आणि आकडा बदलतो. कोणाच्या मनात वाईट नसतं, वही उशिरा लिहिली जाते इतकंच.

जागा आणि वनखातं

झरा बहुधा वनजमिनीत निघतो आणि निम्म्या योजना इथेच अडतात. वनरक्षकाला तोंडी विचारून पाइप टाकला तर पुढचा वनरक्षक तो उचलायला लावू शकतो. वनहक्क कायदा २००६ च्या कलम ३(२) मध्ये १३ सार्वजनिक सुविधांसाठी वनजमीन वापरायची सोय आहे, आणि पिण्याचं पाणी आणि पाण्याची पाइपलाइन त्यात स्पष्ट लिहिलेली आहे. अटी तीन: प्रत्येक कामाला १ हेक्टरपेक्षा कमी जागा, हेक्टरी ७५ हून जास्त झाडं तोडायची नाहीत आणि ग्रामसभेची शिफारस हवी. प्रस्ताव वनक्षेत्रपालांकडून पडताळून उपवनसंरक्षकांकडे जातो. एक फूट रुंद चराची ६०० मीटर पाइपलाइन म्हणजे जेमतेम १८० चौरस मीटर, आणि झाड एकही नाही. हा हिशेब प्रस्तावाच्या पहिल्याच पानावर टाका. वाचणाऱ्याचं काम सोपं झालं की फाइल पुढे सरकते. तरी परवानगीला दोन-तीन महिने धरा आणि ती हातात आल्याशिवाय पाइप विकत घेऊ नका.

टाकीची जागा गावठाणात किंवा ग्रामपंचायतीच्या नोंदीतल्या जागेवर मिळाली तर उत्तम. कोणाच्या शेतात बसवायची तर आता ५०० रुपयांच्या मुद्रांकावर संमतीपत्र घ्या आणि सातबारा जोडा. पण हे लक्षात असू द्या: संमतीपत्राने मालकी बदलत नाही. आदिवासी खातेदाराची जमीन बिगर-आदिवासी व्यक्तीच्या किंवा संस्थेच्या नावे करायला जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते, त्या वाटेला जाऊच नका. आजोबांनी जागा दिली आणि नातवाने कुंपण घातलं, हे घडतं. म्हणून संमतीपत्रावर घरातल्या सगळ्या वारसांच्या सह्या घ्या.

अंदाजपत्रक

खालचे दर उदाहरणादाखल आहेत. तुमचे दर तीन दुकानांच्या दरपत्रकांवरून, जीएसटी धरून लावा.

झऱ्यावरची कुंडी, दगड-वाळूची गाळणी आणि झाकण: २८,००० रुपये
एचडीपीई पाइप, ६०० मीटर आणि ५ टक्के तूट मिळून ६३० मीटर, ६० रुपयांनी: ३७,८००
व्हॉल्व्ह, जोड, हवा काढायची आणि गाळ सोडायची तोंडं: ९,०००
५,००० लिटरच्या दोन टाक्या: ६५,०००
टाक्यांचा ओटा: १८,०००
तीन नळकोंडाळी, प्रत्येकी ६,५००: १९,५००
वाहतूक: ७,०००
पाणी तपासणी आणि फलक: ३,५००
देखभालीची हत्यारं आणि सुटे भाग: ४,०००
बेरीज: १,९१,८००
अनपेक्षित खर्च ५ टक्के: ९,५९०
एकूण मागणी: २,०१,३९० रुपये

ही रक्कम ओढूनताणून दोन लाखांवर आणू नका. गोल आकडा दिसला की अंदाजपत्रक उलट्या बाजूने रचल्याचा संशय येतो.

श्रमदानालाही पैशाचा आकडा लावायचा. ६०० मीटर लांब, एक फूट रुंद, दोन फूट खोल चर म्हणजे सुमारे १०८ घनमीटर खोदाई. मुरमात एक माणूस दिवसाला साधारण दीड घनमीटर काढतो, म्हणजे ७२ माणूस-दिवस. २०२५-२६ चा रोजगार हमीचा ३१२ रुपयांचा दर लावला तर २२,४६४ रुपये होतात. अनुदान आणि श्रमदान मिळून प्रकल्पाची किंमत २,२३,८५४, त्यात गावाचा वाटा १० टक्के. बऱ्याच देणाऱ्यांना नेमका एवढाच लागतो. हजेरीपटावर रोजच्या रोज सह्या-अंगठे घ्या. शेवटच्या दिवशी एकाच पेनाने भरलेला हजेरीपट ओळखू येतो.

४५ घरांचे ३०० प्रमाणे १३,५०० रुपये मात्र बांधकामात घालू नका. तो देखभालीचा पैसा आहे, आणि हप्ते अडकले की त्याचा आणखी एक उपयोग होतो. तो पुढे येईल.

अर्जाचं पान

पाच पानं पुरतात. समस्येचा परिच्छेद असा असावा: 'पाड्यात ४५ घरं, २२५ माणसं. फेब्रुवारीअखेर ते जूनच्या मध्यापर्यंत पाणी दीड किलोमीटरवरच्या विहिरीवरून आणलं जातं. एका खेपेला ५० मिनिटं, घरटी रोज चार खेपा. विहिरीत मेमध्ये तासाला … लिटरच पाणी येतं.' खेपेची वेळ घड्याळ लावून मोजलेली हवी. काम झाल्यावर हेच आकडे पुन्हा मोजायचे, तोच तुमचा निकाल. 'महिलांचं सक्षमीकरण' मोजता येत नाही, वाचलेली मिनिटं येतात.

सोबत नकाशा (हाताने काढलेला चालतो, पण त्यावर अंतर आणि उंची हवी), मोजमापाची नोंद, ठराव, वनविभागाची परवानगी किंवा तिच्या अर्जाची पोच, संमतीपत्र, दरपत्रकं, पाणी तपासणीचा अहवाल, पॅन, बँकेचा रद्द केलेला धनादेश आणि संस्था असेल तर तीन वर्षांचं ऑडिट. जिल्हा परिषदेच्या पाणीपुरवठा उपविभागातल्या अभियंत्याने अंदाजपत्रक तपासून सही केली तर वजन येतं. त्याला झऱ्यावर घेऊन जा, कार्यालयात सही मागू नका.

हप्त्यांचं गणित

करारावर सही करण्याआधी हप्ते बघा. ४०-४०-२० अशी विभागणी सर्रास असते आणि शेवटचे २० टक्के काम पूर्ण झाल्यावर मिळतात. आपल्या कामात ते ४०,२७८ रुपये होतात. ते मधल्या काळात कोण घालणार? बहुतेकदा दुकानदार उधारीवर घालतो, मग दर त्याचा आणि माल त्याच्या मर्जीचा.

४०-५०-१० मागा. पहिला हप्ता ८०,५५६: त्यात कुंडी, पाइप, व्हॉल्व्ह मिळून ७४,८०० आणि पाइपची वाहतूक बसते. दुसरा १,००,६९५: टाक्या, ओटा आणि नळकोंडाळ्यांचा काही भाग. दोन हप्ते मिळून हातात १,८१,२५१ येतात आणि खर्च १,९१,८०० आहे. १०,५४९ रुपयांची तूट लोकवर्गणीच्या १३,५०० मधून तात्पुरती भागते. तसा ठराव समितीच्या वहीत करा आणि शेवटचा हप्ता आला की त्याच दिवशी पैसे परत खात्यात टाका. दुकानदाराचे पाय धरायची वेळ येत नाही.

काम करताना

कधी करायचं, हे आधी. दिवाळीनंतर पाड्यावरची धडधाकट माणसं निफाड-दिंडोरीच्या द्राक्षबागांत कामाला जातात. छाटणी आणि खुड्याच्या दिवसांत श्रमदान ठेवलं तर म्हातारी माणसं आणि पोरंच येतात. होळीला सगळे घरी असतात. चर होळीनंतरच्या आठवड्यांत खोदून घ्या, आणि ओटा-कुंडीचं सिमेंटकाम पावसाआधी निदान महिनाभर संपवा.

कुंडी बांधताना होणारी सर्वांत महाग चूक म्हणजे झऱ्याचं तोंड पाण्याखाली जाईल इतकं पाणी अडवणं. आपला डोंगर काळ्या कातळाचा, पाणी भेगांतून येतं. तोंडावर दाब पडला की ते दुसरी भेग शोधतं आणि पुढच्या वर्षी झरा दहा फूट बाजूला निघालेला असतो. म्हणून जादा पाणी जाण्याचा पाइप झऱ्याच्या तोंडापेक्षा खाली ठेवा. सुरुंग तर लावूच नका. पहारीने गाळ आणि सुटे दगड काढायचे, कातळाला हात लावायचा नाही. कुंडीच्या वरच्या अंगाला चर काढून पावसाचं पाणी बाजूला वळवा आणि वर तीस मीटरच्या आत गोठा किंवा शौचालय नाही ना, हे पाहा.

पाइप उघड्यावर सोडला तर तो एक उन्हाळाही टिकेलच असं नाही. वणवा लागतो, आणि वणवा नसला तरी नागली-भाताच्या रोपांसाठी राब भाजताना कडेचा पाइप वितळतो. कातळामुळे दोन फूट खोल जाता येत नसेल तिथे दगड रचून वर माती टाका किंवा तेवढ्या तुकड्याला जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी) पाइप घाला. पाइप जिथे उंचवट्यावरून जातो तिथे हवा अडकते आणि पाणी थांबतं. झऱ्यात पाणी आहे, नळाला नाही, मधे गळतीही नाही, असं झालं की नव्वद टक्के वेळा हेच असतं. उंचवट्यावर हवेची तोटी आणि खोलगट जागी गाळ सोडायची तोटी हवीच. अंदाजपत्रकातून कापले जाणारे पहिले दोन हजार याच दोन तोट्यांचे असतात.

चर बुजवण्याआधी पाणी सोडून एक रात्र ठेवा. सगळे जोड सकाळी हाताने चाचपून बघा, मगच माती लोटा.

ओटा सपाट आणि पूर्ण रुंदीचा हवा. टाकीचा तळ दगडाच्या टोकावर टेकला की पहिल्या उन्हाळ्यात चीर जाते. रिकामी टाकी वळवाच्या वाऱ्यात उडते, तेव्हा बसवल्या दिवशीच ती अर्धी तरी भरा.

पहिल्यांदा आणि पावसाळ्यात पुन्हा पाणी तपासा, जून-जुलैत झऱ्यात वरचं पाणी शिरतं. टीसीएल (ब्लीचिंग) पावडरचं प्रमाण हजार लिटरला ५ ग्रॅम, म्हणजे भरलेल्या दोन टाक्यांना ५० ग्रॅम. आधी बादलीत कालवून, निवळ वरचं पाणी टाकीत ओतायचं, अर्ध्या तासाने नळावर ओटी टेस्ट (पाण्यात क्लोरीन उरलं आहे का ते दाखवणारी चाचणी) घ्यायची. पावडरचं पोतं उघडं राहिलं तर तिचा दम जातो आणि नुसता चुना उरतो.

हिशेब बंद करणं

प्रकल्पासाठी वेगळं खातं असेल तर निम्मी डोकेदुखी जाते. एका माणसाला एका दिवसात १०,००० रुपयांवर रोख देऊ नका, आयकरात तो खर्च धरला जात नाही. ५,००० वरच्या पावतीला एक रुपयाचं रसीद तिकीट लावा. गवंड्याचं किंवा ठेकेदाराचं बिल ३०,००० वर गेलं तर टीडीएस कापायचा की नाही हे पैसे देण्याआधी लेखापरीक्षकाला विचारा. दिल्यानंतर कापता येत नाही.

एका शीर्षातला पैसा दुसऱ्यात वळवायचा असेल तर आधी लेखी परवानगी घ्या. पाइप स्वस्त मिळाला आणि वाचलेले ४,००० चौथ्या नळकोंडाळ्याला लावले, हे गावासाठी चांगलंच. कागदावर मात्र ती अनियमितता ठरते आणि शेवटचा हप्ता अडकतो. एका ओळीचा ईमेल पुरतो, पण तो खर्चाच्या आधीचा असावा.

फोटो तीन टप्प्यांचे, त्याच जागेवरून, त्याच दिशेने: काम नसताना, चर उघडा असताना, पूर्ण झाल्यावर. बुजवलेल्या चराची खोली नंतर कोणाला दाखवता येत नाही. म्हणून चरात मोजपट्टी धरून दर ५० मीटरला एक फोटो काढा. उपयोगिता प्रमाणपत्रासोबत पावत्या, हजेरीपट, साठा नोंदवही, तपासणी अहवाल आणि आधी-नंतरच्या खेपांचे आकडे जोडले की फाइल बंद होते. सगळ्याची एक झेरॉक्स प्रत पाड्यावर ठेवा, संस्थेचं कार्यालय कधीही जागा बदलतं.

त्यानंतरचे ३० रुपये

४५ घरांचे दरमहा १,३५० रुपये जमतात. ६०० रुपये पाणी सोडणाऱ्याला, उरलेले ७५० टीसीएल, तोट्या आणि जोडांना. वर्षात नळाच्या तोट्या मोडणारच. डझनभर साध्या तोट्या आधीच आणून ठेवा, पितळी तोटी चोरीला जाते. वर्गणी महिन्याच्या महिन्याला मागितली तर चुकते, कारण माणसं बागांत असतात. त्यापेक्षा होळी आणि दिवाळी अशी वर्षातून दोनदा, प्रत्येक वेळी घरटी १८० रुपये घ्या आणि कोणी किती दिले ते टाकीवर तेलरंगाने लिहा. वहीपेक्षा टाकीवरचा आकडा जास्त जण वाचतात. दर मेमध्ये बादली आणि घड्याळ घेऊन पुन्हा झऱ्यावर जा आणि तो आकडाही तिथेच, वर्षासह, खाली लिहीत जा.